दुसरं माणूस

माणसं मोजायची सवय बनुबाईला आईनं लावली. पहाटे जात्यावर बसायच्या आधी आई तिला हलवून जागं करायची. म्हणायची, ऊठ गं, मी एकटी हाय, दोघी होऊ दे. चार-पाच वर्षांची बनू डोळे चोळत उठायची, आईच्या मांडीला टेकून बसायची, आणि मगच आईच्या तोंडून प्रार्थना सुरू व्हायची. आईला उपासना घेणाऱ्या कुणा पाळकानं कधीकाळी सांगितलं होतं, की येशूच्या नावानं दोघं-तिघं जिथं जमतात तिथं तो स्वतः त्यांच्या मधे येऊन बसतो. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिनं ते वचन जसं कानावर पडलं तसंच गाठीशी बांधलं. मधे बसायचं तर अलीकडं एक आणि पलीकडं एक माणूस हवं. एकटंच माणूस असलं तर येशूनं बसायचं कुणाच्या मधे?

याला सत्तर वर्षं झाली. आईनंतर सासू, सासूनंतर नवरा, नवऱ्यानंतर रविवारची मंडळी. बनुबाईनं एकटीनं कधी प्रार्थना केली नाही. रात्री अंथरुणावर पडताना पदर डोक्यावर घेऊन ती एवढंच म्हणायची, "प्रभू, रविवारी भेटू." आणि कूस बदलायची.

तासगावच्या पुढं, द्राक्षबागांच्या आत हिंगणेवाडी आहे. वाडीच्या कडेला ख्रिस्ती मंडळींचं देऊळ. देऊळच म्हणतात त्याला सगळे, हिंदूही आणि ख्रिस्तीही. काळ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, दाराशी लाकडी खांबाला टांगलेली पितळी घंटा. बनुबाई लग्न होऊन आली तेव्हा बावीस घरं होती. उपासनेला बसायला सतरंज्या पुरत नसत, बायका पोत्यावर बसत. मग एकेक पोरगं पुण्याला गेलं, चाकणला गेलं, सांगलीत भाड्यानं राहिलं. म्हातारी माणसं ओढ्याकाठच्या दफनभूमीत गेली. बाजाच्या पेटीचे भाते उंदरांनी खाल्ले, ती वाजवणारी एस्तेर लग्न होऊन सोलापूरला गेली. अकरा वर्षांपूर्वी एका रविवारी बनुबाईनं मान वळवून मोजलं तर दोनच माणसं होती. डावीकडं बायकांच्या सतरंजीवर ती स्वतः, आणि उजवीकडं पुरुषांच्या सतरंजीवर मानसिंग हवालदार.

हवालदार लष्करातून निवृत्त होऊन आला होता. बायको वारलेली, लेक रेश्मा मिरजेला दिलेली. तो इस्त्रीचा शर्ट घालून नऊच्या ठोक्याला घंटा द्यायचा, वाडीतले लोक त्यावर घड्याळं लावत. पवित्र शास्त्र वाचताना त्याचा आवाज परेडवर निघाल्यासारखा निघायचा, आणि प्रार्थना तो अशी आटपायचा की डोळे मिटेपर्यंत आमेन यायचं. बनुबाई त्याला म्हणायची, हवालदार, तुमची प्रार्थना म्हंजे तार हाय, पोचलो, बरा हाय, काळजी नसावी. तिची प्रार्थना मात्र वाडीतल्या प्रत्येक दुखण्याखुपण्याच्या दारात थांबत थांबत जायची. ती पंधरा मिनिटांवर गेली की पलीकडून खोकला यायचा. बाहेर पडताना तो सुनवायचा, "आक्का, प्रभूला बाकीची गावं पण हायती."

शेवटी ती एक ओवी म्हणायची. आईच्या जात्यावरच्या चालीत, शब्द तिचे. उपासनेत पुस्तकातली गीतं सोडून दुसरं काही म्हणू नये असं हवालदाराचं मत होतं. तरी तो उठून गेला नाही कधी. कौलांकडं बघत बसायचा.

*भर उन्हाचा आला बाई, न्हाई मागितलं पानी*
*जवळ टेकला येशू, दमल्या कुणब्यावानी*

हे तिनं उगाच जुळवलं नव्हतं. तसं व्हायचं. प्रत्येक रविवारी नाही. वर्षातून सात-आठ वेळा, कधी त्याहून कमी. प्रार्थना चाललेली असताना दोन सतरंज्यांच्या मधल्या उघड्या फरशीवर कुणीतरी येऊन टेकल्यासारखं वाटायचं. प्रकाश नाही, आवाज नाही. शेतावरून आलेला माणूस भिंतीला पाठ लावून घटकाभर बसतो, काही बोलत नाही, पण घरात तो आहे हे चुलीपुढं पाठमोऱ्या बसलेल्या बाईला कळतं, तसं. तेवढ्यावर ती पुढचे महिने काढायची. नवरा गेला तेव्हा काढले. पोटचा मुलगा पुण्याहून दोन-दोन वर्षं फिरकला नाही, तेव्हाही काढले.

यंदा बेदाण्याच्या हंगामात हवालदाराच्या शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली. डोळे पिवळे पडले. शास्त्र वाचताना तो मधेच थांबून श्वास घ्यायला लागला. मार्चच्या शेवटी रेश्मा गाडी घेऊन आली. दुखणं यकृतात होतं आणि फार पुढं गेलं होतं. गाडीत बसताना त्यानं देवळाची किल्ली बनुबाईच्या हातात दिली. घंटेचा दोर खाली ओढून सोडायचा, लोंबकळायचं नाही, एवढं बजावलं. गाडी बागांच्या आड गेली आणि बनुबाईच्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की आता मी एकटी. हा माणूस मरायला निघालाय, हे त्याच्या नंतर आलं. तिला स्वतःची लाज वाटली. पण आलं ते तसंच आलं.

पहिल्या रविवारी तिनं नऊला घंटा दिली. आपल्या सतरंजीवर बसली, पदर घेतला, डोळे मिटले. तोंडातून शब्द निघेना. जेवायला पाहुणा बोलवावा आणि घरात पाटच नसावा, तशी ती अवघडून बसली. पाच मिनिटांत उठून कुलूप लावलं. शेजारची राणी बेदाण्याच्या रॅकवरच्या जाळीवर द्राक्षं सुकायला पसरत होती. तिनं विचारलं, आजी, आज लौकर सुटलं व्हय? बनुबाईनं ऐकू न आल्यासारखं केलं.

मग राणीकडूनच तिनं सांगलीच्या पाळकसाहेबांना फोन लावून घेतला. साहेब महिन्यातून एकदा प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस द्यायला येत, बाकीच्या रविवारी त्यांच्याकडं आणखी चार गावं होती. माणूस चांगला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि समजावलं, की देव एकट्यालाही सोडत नाही, उलट एकट्याला आधी धरतो. सिंहांच्या गुहेत टाकलेला दानीएल एकटाच होता, रानात पळून गेलेला एलीया एकटाच होता.

"साहेब, ती मोठी माणसं," बनुबाई म्हणाली. "मला जे सांगितलंय ते दोघा-तिघांचं सांगितलंय. एकाचं सांगितलं असतं तर माझ्या आईनं मला झोपू दिलं असतं की."

साहेब हसले. तुमच्यासाठी प्रार्थना करतो म्हणाले. बनुबाईनं विचारलं, कुणाबरोबर? तेवढ्यात तिकडं कुणीतरी साहेबांना मोटारसायकल हलवायला सांगितलं, आणि फोन ठेवला गेला.

दुसऱ्या रविवारी तिनं राणीलाच सोबत यायला सांगितलं. राणी पोरगी दिलदार. हातपाय धुऊन, चांगली साडी नेसून, येताना परसातली दोन जास्वंदाची फुलं घेऊन आली. कुठं वाहायची म्हणून तिनं इकडंतिकडं पाहिलं, आणि समोर नुसतं टेबल आणि लाकडी क्रूस बघून ती फुलं ओंजळीतच धरून बसली. काय म्हणायचं असतं, असं तिनं विचारलं. काही नको, नुसती बस, असं बनुबाईनं सांगितलं आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. सुरू झालीही. हवालदाराच्या यकृतापर्यंत आली आणि तिथं अडकली. बनुबाईनं डोळे उघडले.

"राणी, तू कुणाच्या नावानं आलीस गं?"

राणी गोंधळली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "तुमच्याच की, आजी. आठवडाभर तुमच्या तोंडाकडं बघवंना."

बनुबाईला हसू आलं. तिनं राणीच्या गालावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. पोरीनं तिच्यासाठी अर्धा दिवस मोडला होता, द्राक्षं उन्हात चिकटत होती. याहून जास्त कुणी कुणासाठी काय करायचं? पण येशूच्या नावानं जमायचं असतं, आणि ही बनुबाईच्या नावानं आली होती. मोजणी पुरी होत नव्हती. तिनं राणीला कामावर परत पाठवलं. फुलं राणीनं उंबऱ्यावर ठेवली.

तिसऱ्या रविवारी घंटा झालीच नाही. बनुबाई सकाळच्या एसटीनं तासगाव, तिथून सांगली, तिथून मिरज अशी गेली. देवळात दुसरं माणूस नाही, तर दुसरं माणूस जिथं आहे तिथं रविवारी जायचं. सरळ हिशेब होता. गाडीत तिला हलकंसुद्धा वाटत होतं. हे मागच्याच आठवड्यात कसं सुचलं नाही, असंही वाटलं.

दवाखान्यात दारावरच्या माणसानं अडवलं. पेशंटजवळ एकालाच थांबता येतं, असा नियम होता. मग रेश्मा बाहेर आली, तिला बघून रडली, आणि मी चहा घेऊन येते म्हणून तिनं आपला पास बनुबाईला दिला.

हवालदार खाटेवर होता, पण खाट जवळजवळ रिकामीच दिसत होती. चादरीखाली फक्त पोट वर आलेलं. चेहरा हळद लावल्यासारखा पिवळा. बनुबाईला बघून त्यानं हात कपाळापर्यंत नेला. सलाम पुरा झाला नाही, हात मधेच चादरीवर पडला. तिनं स्टूल ओढलं, पदर घेतला आणि वेळ न घालवता म्हणाली, "चला हवालदार, नऊ कवाच वाजून गेले. दोघं झालो. म्हणते मी प्रार्थना."

"थांबा आक्का."

तो बराच वेळ श्वास गोळा करत राहिला. बाजूच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला त्याची सून मोसंबीचा रस पाजत होती. मग हवालदारानं जे सांगितलं ते तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. बनुबाईला ते जोडून घ्यायला वेळ लागला. त्याचं म्हणणं असं, की त्याला कधीच काही जाणवलं नव्हतं. लहानपणी नाही, सीमेवर असताना नाही, बायको गेली त्या रात्री नाही, आणि ह्या अकरा वर्षांत देवळात बसून एकदाही नाही. फरशी ही फरशी होती आणि कौलं ही कौलं. तो येत होता, घंटा देत होता, वाचत होता. आत काही नव्हतं.

बनुबाईच्या हातातला पदर सुटला.

"मग येत कशाला हुतासा?"

"तुमी एकट्या पडला असतासा."

तिला राग आला, इतका, की कानात आवाज व्हायला लागला. अकरा वर्षं. म्हणजे अकरा वर्षं मोजणी खोटी होती. उजवीकडच्या सतरंजीवर येशूच्या नावानं कुणी बसलंच नव्हतं. राणी एक रविवार जशी आली, तसा हा साडेपाचशे रविवार आला, तिच्या नावानं. ती एकटीच होती. मग जो मधे येऊन टेकत होता तो कोण? का तिचं तिनंच तसं मानून घेतलं? का जुळवता जुळवता ओवीच खरी वाटायला लागली?

"मला आधी सांगायचं," ती म्हणाली.

"सांगून काय झालं असतं?"

नर्स येऊन सलाईनचा थेंब बघून गेली. हवालदारानं डोळे मिटले होते. झोपला असं वाटलं, तेवढ्यात तो म्हणाला, "तुमास्नी खरंच वाटायचं का, आक्का? का नुसतं गाण्यात?"

"वाटायचं."

"मला कळायचं ते. तुमचं तोंड बदलायचं. मी डोळे मिटत नव्हतो कवा, बघत बसायचो. म्हणायचो, आपल्याला न्हाई तर न्हाई, पर हिला दिसतंय म्हंजे कायतरी असंल. तेवढ्यावर निभावलं." खिडकीतून बाहेरच्या वाहनांचा आवाज येत होता. "आत्ता बघा की. हाय का इथं?"

एवढं बोलायला त्याला किती कष्ट पडले ते तिनं पाहिलं. त्याच्या पिवळ्या डोळ्यांत हवालदारकी काही राहिली नव्हती. भीती होती, उघडी. अकरा वर्षं त्यानं तिच्या तोंडाकडं बघून काढली होती, आणि आता शेवटी तिच्या तोंडाकडंच बघत होता.

बनुबाईनं डोळे मिटले. इतक्या जिवाच्या आकांतानं तिनं कधी काही शोधलं नव्हतं. ये, म्हणाली मनात. माझ्यासाठी नको येऊस. ह्याच्यासाठी ये, एकदा. घटकाभर टेक. फिनेलचा वास आला. मोसंबीचा आला. कुणाच्या तरी मोबाईलवर जाहिरात वाजत होती. स्टूलच्या आणि खाटेच्या मधे वीतभर जागा होती, आणि त्या जागेत काही नव्हतं. ती थांबली. आणखी थांबली. काही नव्हतं.

हो म्हणणं सोपं होतं. तो गेला असता समाधानानं. ओठावर आलं होतं तिच्या. पण ज्या गोष्टीबद्दल तो विचारत होता त्या गोष्टीबद्दल ती आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती. आज एकदा बोलली असती, तर आधीचे सगळे रविवारही त्यात बुडाले असते.

"न्हाई, हवालदार," ती म्हणाली. "मला आत्ता काय जाणवत न्हाई."

त्यानं मान हलवली. नाराज झाल्यासारखा दिसला नाही. ओठ थोडे वाकडे झाले. "म्हंजे आता बरोबरी झाली."

तिला रडू आलं आणि हसूही. तिनं त्याचा हात धरला. अकरा वर्षांत त्यांच्या मधे जी फरशी होती ती पहिल्यांदाच ओलांडली गेली. हात थंड आणि हलका होता. पूर्वी कसं वाटायचं ते तरी सांगा, असं तो म्हणाला, आणि ती सांगत बसली. ऊन, भिंत, पाठ टेकून बसलेला माणूस, काही न बोलणारा. सांगताना तिला ते दुसऱ्या कुणाचं वाटत होतं. रेश्मा चहा घेऊन आली तेव्हा तो झोपला होता. प्रार्थना झालीच नाही.

बुधवारी तो गेला. शुक्रवारी त्याला वाडीत आणलं.

त्या दिवशी देऊळ भरलं. पुण्याची पोरं आली, सांगलीची आली, एस्तेर सोलापूरहून आली, लष्करातले दोन जुने सोबती आले. बनुबाईचा मुलगाही आला आणि आईच्या शेजारी घड्याळ बघत बसला. सतरंज्या पुरल्या नाहीत, बायकांनी राणीच्या शेडमधली पोती आणली. पाळकसाहेब पुनरुत्थानाबद्दल चांगलं बोलले. जो कधी सोडून जात नाही त्याच्याबद्दल बोलले. एस्तेरनं गीत उचललं, साठ-सत्तर माणसांचा आवाज कौलांना लागला. बनुबाईनं मान वळवून मोजलं, बासष्टपर्यंत आली आणि सोडून दिलं. दोघं-तिघंच कशाला, वाडीच्या वाडी जमली होती येशूच्या नावानं. तिनं मधल्या फरशीकडं पाहिलं. तिथं हवालदाराची शवपेटी ठेवली होती. दुसरं काही नव्हतं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गाड्या गेल्या. मुलगा म्हणाला, आई, चल आता पुण्याला, इथं कोण हाय तुझं? ती म्हणाली, रविवार होऊ दे. तो थांबला नाही.

रविवारी नऊला तिनं घंटा दिली. दोर खाली ओढला आणि सोडला. दार उघडं ठेवलं. आत शुक्रवारची पोती तशीच पडली होती, ती तिनं गोळा करून कोपऱ्यात रचली. आपल्या सतरंजीवर बसली. पदर घेतला.

शब्द आज तरी निघतील असं तिला वाटलं नव्हतं, आणि निघाले नाहीत. तिनं डोळेही मिटले नाहीत. समोर टेबल, क्रूस, त्याच्या मागं ओल आलेली भिंत. उजवीकडची सतरंजी शुक्रवारच्या गर्दीत गुंडाळून कुणी कुठं ठेवली कोण जाणे. तिथं नुसती फरशी होती. आता सगळीकडं फरशीच होती, मधली अशी वेगळी राहिली नव्हती. उठावं असं तिला वाटलं. गुडघ्यावर हात ठेवून ती अर्धी उठलीही.

मग तिला तो दिसला. इस्त्रीचा शर्ट, ताठ पाठ, उघडे डोळे. काही दिसत नाही, काही जाणवत नाही, आणि तरी तासभर बसलेला. एक रविवार नाही, साडेपाचशे. ज्याला कधीच काही मिळालं नाही तो इतका बसला. आणि तिला सत्तर वर्षं अधूनमधून का होईना मिळत होतं, ती एकटीच्या दुसऱ्याच रविवारी उठायला निघाली होती.

ती परत टेकली. पाय दुमडले. काही मागितलं नाही, ओवीही आठवली नाही. बाहेर रॅकच्या ताडपत्र्या वाऱ्यानं वाजत होत्या, मधेच कुठंतरी ट्रॅक्टर सुरू होऊन बंद पडला. आत काहीच होत नव्हतं. ऊन दारातून वीतभर आत आलं, मग हातभर.

राणी डोक्यावरची पाटी सावरत दाराशी आली. आत डोकावून तिनं हळूच विचारलं, "आजी, झालं का?"

"अजून न्हाई," बनुबाई म्हणाली.

राणी थोडा वेळ उभी राहिली, आणि मग आपल्या कामाला गेली.